जागा करू नये

२ मार्च, सोमवार

आज कोशाच्या कार्यालयात रुजू झालो. अकरा वर्षं वर्तमानपत्रात लोकांच्या वेलांट्या सुधारल्या, मग वर्तमानपत्रच बंद पडलं आणि आठ महिने घरी बसून स्वतःच्या चुका मोजल्या. आता पुन्हा टेबल आहे, खुर्ची आहे, आणि खुर्चीला चारही पाय आहेत. आणखी काय हवं माणसाला!

कार्यालय म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. भिंतींना लागून लाकडी खणांची कपाटं आणि खणाखणांत कार्डं. प्रत्येक कार्डावर एक शब्द आणि त्याखाली कुणाच्या तरी हातची टिपणं. मुख्य संपादकांना पाठीमागे सगळे 'अनुस्वार' म्हणतात. छोटे, गोल, आणि कायम दुसऱ्यांच्या डोक्यावर. माणूस वाईट नाही. माझ्या मुलीची चौकशी केली, आणि नेमणूक तीन महिने कच्ची आहे हेही गोड बोलून सांगून टाकलं. कार्डं सांभाळणाऱ्या मावशी इथे तीस वर्षं आहेत. कुठलंही कार्ड मागा, बोलता बोलता काढून हातात देतात.

घरही झकास मिळालं. तळमजल्यावरची एकच लांबट खोली. दाराशी ओटा, मग कपाट, आणि पार शेवटच्या भिंतीला ठकीची खाट. वरती एक शिंपी राहतो, त्याच्या यंत्राची खडखड ऐकू येते. ठकी सात वर्षांची आहे. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. आईचा फोटो ठकीनेच दाराजवळच्या फळीवर ठेवला, म्हणजे आत-बाहेर करताना दिसेल. मग विचारलं, इथे किती दिवस राहायचं. मी म्हटलं, आता हलायचं नाही.

५ मार्च, गुरुवार

नव्या माणसाला नको असलेलं काम देतात, तशी मला 'संशयाची पेटी' मिळाली. ज्या शब्दांबद्दल वर्षानुवर्षं कुणी निर्णय घेतला नाही त्यांची कार्डं त्यात आहेत. प्रत्येकावर तीनपैकी एक शेरा मारायचा: स्वतंत्र नोंद, पोटात, किंवा रद्द. इथे 'पोटात घाला' म्हणजे माफ करा असं नव्हे, दुसऱ्या मोठ्या नोंदीत कोंबा. स्वतंत्र नोंदीला निदान दोन आधार लागतात.

दिवसभरात चाळीस कार्डं उडवली. एकेचाळिसाव्याला अडलो.

'पागोळा. पावसाचा एक किरकोळ देव.' त्याखालची ओळ शाई पसरून गेलेली. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित: 'जागा करू नये.'

वळचणीवरून गळणाऱ्या पागोळ्यांवरून नाव आलं असणार, एवढं उघड आहे. बाकी काही सापडेना. मूर्ती नाही, देऊळ नाही, गोष्ट नाही. अनुस्वारांनी कार्ड हातभर लांब धरून वाचलं आणि म्हणाले, स्पष्ट लिहिलंय की, कोशात जागा करू नये, घाला 'पर्जन्यदेवता'च्या पोटात. त्यांचं बरोबर आहे. पण आठ महिने मीही लोकांच्या दारोदार हेच ऐकत फिरलोय, की सध्या जागा नाही. मोठ्या देवांना पानंच्या पानं, आणि या बिचाऱ्याला चार ओळी दिल्या तर कुणाचं काय जाणार आहे?

९ मार्च, सोमवार

जिंकलो! मावशींना सहज विचारलं तर त्यांना नाव ठाऊक निघालं. लहानपणी वळचणीखाली खेळताना पोरांनी गलका केला की त्यांची आजी ओठांवर बोट ठेवायची आणि वर बघून 'पागोळा, पागोळा' म्हणायची. का, ते मावशींना माहीत नाही. मी लगेच 'मौखिक आधार' म्हणून टिपून घेतलं. एक कार्ड आणि एक आजी, झाले दोन आधार. अनुस्वारांशी अर्धा तास वाद घातला. शेवटी ते म्हणाले, जा, तुमच्या हौसेला चार ओळी.

चार ओळी लिहिल्या, छापायच्या पानात बसवल्या, आणि जुन्या कार्डावर त्या शेऱ्याखाली ऐटीत लिहिलं: 'जागा केली.' खाली सही. कोशातली माझी पहिली स्वतंत्र नोंद. जेवताना ठकीला पागोळ्याचं नाव सांगितलं तर तिला हसूच आवरेना.

११ मार्च, बुधवार

घरात पाणी गळतंय. परवा रात्री उंबऱ्यावर ओल होती, आज दोन वीत आत आहे. बाहेर पावसाचा पत्ता नाही, ऊन मी म्हणतंय. शिंप्याकडे जाऊन आलो. त्याची जमीन ठणठणीत कोरडी. घरमालकाने गवंडी पाठवला, त्याने छताला हात लावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला की छत कोरडं आहे, पाणी तुम्हीच सांडलं असेल.

छत कोरडंच आहे. पाणी छताच्या खाली कुठूनतरी सुरू होतं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत एका सरळ रेषेत पडतं. कौलारू घराच्या वळचणीखाली अंगणात पागोळ्यांनी बारीक बारीक खळ्या पडतात ना, तशा खळ्या माझ्या फरशीला पडल्या आहेत. दगडी फरशीला. दोन दिवसांत.

१४ मार्च, शनिवार

रेषा रोज एक वीत आत येते. मोजली. खाटेमागच्या भिंतीपासून उंबरा वीस वीत आहे. आज रेषा पंधराव्या वितीवर.

पण पाणी पुसता येतं, त्याचं काही नाही. मला भीती वाटते ती रेषेच्या पलीकडच्या वस्तूंची. दाराशी जे जे होतं ते सगळं वर्षानुवर्षं उघड्यावर पडल्यासारखं झालंय. ओट्यावरच्या डब्याला गंजाने भोक पडलं. सोमवारी आणलेला झाडू कुजून त्याचा भुगा झाला. फळीवरचा फोटो काढायला धावलो तर चौकटीत नुसता पांढरा कागद होता. तिचा दुसरा फोटो नाही. मी ओट्याला टेकून रडलो, ठकीने पाहिलं.

ती जवळ आली आणि समजावल्यासारखं म्हणाली, बाबा, पागोळा जागा झालाय. मी रडता रडताही सवयीने तिला सुधारलं, की जागा झालाय नव्हे, जागा झालीय म्हण, जागा स्त्रीलिंगी. ती म्हणाली, ती जागा नाही हो बाबा, तो जागा झालाय, झोपला होता ना.



१५ मार्च, रविवार

मावशींच्या घरी जाऊन किल्ली आणली, कार्यालय उघडलं, कार्ड खिडकीच्या काचेला लावून उन्हात धरलं. पसरलेल्या शाईखाली निबेचे ओरखडे दिसतात. अक्षर न् अक्षर लागलं. 'हा निजलेला असेपर्यंत पाऊस घराबाहेर पडतो.'

आणि मग: 'जागा करू नये.'

'जागे करू नये' असं लिहिलं असतं तर एखाद्या पोरालाही कळलं असतं. पण 'हा' म्हणून वाक्य सुरू केलं, हा देव जागा करू नये, व्याकरणाला धरून अगदी चोख. आणि आम्ही सगळे कोशातले लोक! आम्हाला जागा म्हटलं की ओळी आणि रकाने दिसतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझं तर घरच रिकामं व्हायची वेळ आली. हात दाखवून अवलक्षण केलं ते मी, वर सहीसुद्धा केली.

मावशींना विचारलं, हे कार्ड कुणाचं. माझ्या खुर्चीवर पूर्वी बसणाऱ्या गृहस्थांचं. त्यांनीही एकदा पागोळ्याची नोंद लिहिली होती, ती ऐनवेळी रद्द झाली. त्याच आठवड्यात त्यांची बायको गेली. तीस-बत्तीसची असेल, मावशी म्हणाल्या, पण भेटायला गेलेल्यांना वाटलं त्यांची आजीच वारली. सगळ्यांनी काहीतरी आजार असेल असं धरलं. त्यानंतर गृहस्थांनी हे कार्ड लिहिलं, पेटीत ठेवलं आणि नोकरी सोडली.

म्हणजे कुणाला तरी नेलं की तो झोपतो.

१६ मार्च, सोमवार

आज रेषा तेरावर. पान अजून छापायला गेलेलं नाही, दुरुस्त्या माझ्याकडेच आहेत. नोंदच नाहीशी झाली तर कुणाला न नेताही निजेल, उगाच वाट कशाला पाहायची, म्हणून नोंदीतल्या चारपैकी दोन ओळी कापल्या. एकदम सगळ्या कापल्या तर अनुस्वार विचारतील. उरलेल्या दोन उद्या.

१७ मार्च, मंगळवार

दहावर! एका दिवसात तीन वीत. रोजची एक, आणि कापलेल्या ओळींच्या दोन. तिथली जागा काढून घेतली तेवढी त्याने इथे घेतली. बुडत्याचा पाय खोलात.

ठकीला उचललं आणि घराबाहेर पडलो. बाहेर तर छपरच नाही, सगळंच त्याचं, हे डोक्यात आलं नाही. रस्त्यावर लख्ख ऊन, लोक टोप्या घालून चाललेले, आणि माझी पोर नखशिखांत भिजलेली. लोक वळून पाहत होते. डॉक्टरांकडे शिरलो. तिथे दाराशीच खळ्यांची रेषा पडायला लागली, पण आत ठकी कोरडी राहिली. डॉक्टर म्हणाले, मुलीला पाण्यात खेळू देऊ नका. कागदावर वय लिहिताना मी सात सांगितलं. त्यांनी ठकीकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं.

तिचा फ्रॉक गुडघ्यांच्या बराच वर गेलाय. सकाळी बरोबर होता. कानामागे एक केस पांढरा आहे. दहा मिनिटांचा रस्ता. परत आणताना तिला माझ्या सदऱ्याखाली घेऊन पळालो.

१८ मार्च, बुधवार

नऊ. मी रेषेपलीकडे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, घे मला, आणि झोप. तासभर उभा होतो. अंगावर थेंब पडला नाही. मग कळलं. मी त्याला लिहिलं, तो माझ्या आसऱ्याला बसलाय. आपल्या डोक्यावरचं छप्पर कोण पाडतं? वळचणीला कधी पागोळी लागत नाही. ती लागते वळचणीखाली उभं असलेल्याला. काल ठकीला सदऱ्याखाली घेतलं तेव्हा पाणी माझ्यावरून ओघळून तिच्यावरच पडत होतं.

एक गोष्ट करून पाहतो. ओळी कापल्यावर तो पुढे येतो, तर वाढवल्यावर? नोंदीत सात ओळी घातल्या. पाच मी पाहिल्या तशा: खळ्या, फरशी, डबा, झाडू, फोटो. दोन नोंद शोभून दिसावी म्हणून मनाच्या.

१९ मार्च, गुरुवार

तेरा! मागे गेला! देवा, मागे गेला.

हिशेब लागत नव्हता म्हणून पान पाहिलं. मनाच्या दोन ओळींच्या जागी कोरा कागद. पाहिलेल्या पाचच राहिल्या. खोटं त्याला चालत नाही. चांगल्या संपादकासारखाच आहे, नुसतं खरं मागतो. लिहीन. दहा ओळी आणखी लिहिल्या, सगळ्या खऱ्या. ठकीच्या पांढऱ्या केसाचीही लिहिली. 

२० मार्च, शुक्रवार

घर कोरडं आहे. रेषा उंबऱ्याबाहेर. ठकी खोलीभर लंगडी खेळली, शिंप्याने वरून जमीन ठोकली. तिच्यासाठी मोठा फ्रॉक मागायला हवा त्याच्याकडे. आणखी सहा ओळी घातल्या. तेवीस झाल्या. रोज एक तरी घालत राहायचं, पान छापलं की पुरवणी, पुरवणीनंतर आणखी काही. आयुष्यभर लिहीन. माझी ना नाही.

२१ मार्च, शनिवार

अनुस्वारांनी पान मागवलं. एवढ्या किरकोळ देवाला तेवीस ओळी? आधाराच्या रकान्यात सगळीकडे 'प्रत्यक्ष पाहिले' वाचून त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. पाय धरले. साठीचा माणूस गडबडून गेला, मला पाणी दिलं, म्हणाले, बायको गेल्यापासून तुम्ही सुट्टी घेतलेली दिसत नाही, महिनाभर घ्या, नोकरी कुठे जात नाही.

आणि माझ्यासमोर, माझ्या भल्यासाठी, लाल पेन्सिलीने नोंदीवर आडवी रेघ ओढली. रद्द. पान शिपायाच्या हाती देऊन लगेच छापखान्यात धाडलं. मी मागे धावलो. छापखान्याचं दार शनिवारी दुपारी बंद होतं.

तेवीस ओळी. खोली वीस वीत.

२२ मार्च, रविवार. सकाळ

रात्रीतच आला. डोळे उघडले तेव्हा रेषा खाटेच्या मधून गेलेली — ठकीचे पाय पलीकडे — ओढून घेतली. भिंतीला पाठ लावून बसलोय, ती मांडीत. तीन विती उरल्या आहेत.

ही वही. वहीतही ओळीच असतात. वरची लिहिली तेव्हा पाणी थांबलं. खरं आहे. थांबलं.

लिहितो. भिंत पांढरी आहे. खाट लाकडी आहे, निम्मी कुजली. माझ्या पायांत वहाण नाही. आज रविवार. ठकीने माझा अंगठा धरला आहे.

खरं लिहितोय तोवर सरकत नाही. पण ओळ झाली की दुसरी लागते. लगेच लागते.

मी वर्तमानपत्रात अकरा वर्षं होतो. मला ठकीच्या आईची फार आठवण येते. मी तिला दवाखान्यात उशिरा नेलं. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

तेच पुन्हा लिहिलं तर चालत नाही. भिंत पांढरी आहे, हे दुसऱ्यांदा लिहिलं, पुसलं गेलं. बोटभर पुढे आला.

शिंपी वर नाही. यंत्र बंद आहे. हाका मारल्या.

तिच्या पावलांवर पडतंय. मी वर ओणवा झालो, माझ्यावरून तिच्यावरच — परत सरळ बसलो. लिहितो.

पाच-सहा पानं उरली. अक्षर बारीक काढतो — बारीक काढलं तर ओळ लहान धरतो — नाही, मोठं

ठकी रडत नाही. ती म्हणते, बाबा, तुम्ही लिहा. तिचा आवाज भरदार झालाय. तिच्या आईसारखा.

दुपार असेल. ऊन दारात आहे. दार फार लांब

मला सुचत नाही. जे दिसतं तेच खरं, आणि दिसतंय ते मी लिहिणार नाही. मान वर करत नाही. वहीकडेच पाहतो. माझा अंगठा धरलेला हात

गेल्या ओळीच्या वर एक ओळ होती. ठकी सात वर्षांची आहे, असं लिहिलं होतं. पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. अर्धी वीत गेली त्यात.

ती म्हणते, बाबा, खरं लिहा. हळू बोलते, दात नसल्यासारखं. म्हणते, मला राग नाही, लिहा, थांबू नका

मी ठकीचा बाप आहे. हे राहिलं. पुसलं नाही.

शेवटचं पान. एकच गोष्ट लिहायची राहिली आहे आणि ती खरी आहे. लिहिली की थांबेल — एक ओळभर थांबेल —

ठकी आता